तापलेली गाडी, थंड डोकं

मे महिना म्हणजे सुट्ट्या आणि सुट्ट्या म्हणजे कोकण. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी या घाटांत सध्या दुचाकींची रीघ लागली आहे. त्यातल्या बहुतेक गाड्या हवेवर थंड होणाऱ्या. सिलिंडरवरच्या पट्ट्यांना वारा लागला तरच उष्णता निघून जाते. ट्रकमागे पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर रांगताना वारा नसतो, भार मात्र पूर्ण असतो.

गाडी बहुधा आधी सांगते. ओढ कमी होते, इंजिनातून खडखड येते, पायाला चटका बसतो. तरीही ‘माथ्यावर पोचून थांबू’ म्हणणारेच जास्त. ऑइल कमी असेल तर पिस्टन अडकतो आणि मागचं चाक जागीच लॉक होतं. अशा वेळी जीव वाचवतो तो डावा हात. क्लच लगेच दाबला तर चाक मोकळं होतं आणि गाडी कडेला घेता येते. वळणावर नव्हे, मागच्याला लांबून दिसेल अशा जागी.

मग घाई नको. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. रेडिएटर असेल तर त्याचं झाकण उघडू नका, दाबाखालचं गरम कूलंट थेट तोंडावर उडतं.

लायसन्ससाठी आपण आठचा आकडा काढून दाखवतो. ऑइलची पातळी कशी बघायची, हे कुणी विचारत नाही. ते शिकवण्यासाठीच हा अंक आहे. निघण्याआधी वाचा.

– संपादक