काटकसर कुणाच्या कष्टांवर?

सहलीचा विषय निघाला की ‘परवडत नाही’ हे आपण बायका फार लवकर मान्य करतो. क्लासची फी, दिराचं लग्न, घरची पूजा, या सगळ्यासाठी पै-पै साठवणाऱ्या आपणच ना? मग वर्षातून चार दिवसांच्या विश्रांतीसाठी का नाही?

हिशेब साधा आहे. आम्ही दहाजणी दरमहा प्रत्येकी २०० रुपये बाजूला टाकतो. वर्षाचे २४,००० होतात. मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. दिवाळी, मे महिना आणि शनिवार-रविवार टाळून हरिहरेश्वरला गेलं की खोलीही स्वस्तात मिळते.

पण माझं भांडण वेगळंच आहे. घरची सहल स्वस्तात बसवायची म्हटलं की आधी काय वाचवतात? बाहेरचं जेवण. म्हणजे आदल्या रात्री तिनं दशम्या करायच्या, स्टोव्ह बरोबर घ्यायचा आणि समुद्रावरून आल्या आल्या सगळ्यांसाठी खिचडी टाकायची. गाव बदललं, चूल तीच! हिला काटकसर म्हणायची की बिनपगारी राबणूक?

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम विश्रांतीचा हक्क प्रत्येकाला देतं. त्यात बायकाही आल्या. म्हणून मैत्रिणींनो, सहलीचा खर्च मांडाल तेव्हा पहिली ओळ खाणावळीची लिहा. बसत नसेल तर एक मुक्काम कमी करा, नाहीतर उलथनं पुरुषांच्या हाती द्या. कात्री आपल्या विश्रांतीला लावू देऊ नका.