गवती चहा पातेल्यातच बरा!

गेल्या पंधरवड्यात मंचरकडच्या एक ताई दवाखान्यात आल्या. मानेवर लालभडक पुरळ, खाजेने रात्रभर झोप नाही. नवा साबण? नाही. नवा दागिना? नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "डॉक्टर, लग्नाला जायचं म्हणून अत्तरासारखं गवती चहाचं तेल चोळलं होतं. पण ते तर नैसर्गिक असतं ना?"

वाचकहो, आपल्या जुन्नर-आंबेगावात मोरीच्या पाण्यावर वाढलेले गवती चहाचे बेट बऱ्याच घरांमागे दिसते. पावसाळ्यात दोन पाती आणि आल्याचा तुकडा टाकलेला चहा मीही आवडीने पितो. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' या समजुतीला.

गवती चहाचा वास मुख्यतः सिट्रल या द्रव्याचा. शंभर किलो हिरव्या पाल्यातून तेल निघते जेमतेम अर्धा किलो आणि त्यातला सुमारे ७० ते ८० टक्के भाग सिट्रलचा असतो. म्हणजे पातेल्यातली दोन पाती वेगळी आणि बाटलीतले तेल वेगळे.

आता परदेशी अत्तरांचे पाहा. १९९२ साली ज्याँ-क्लोद एलेना या फ्रेंच अत्तरकाराने बुल्गारी कंपनीसाठी हिरव्या चहाच्या वासाचे अत्तर बनवले. पुढे ऊलाँग, म्हणजे चीन व तैवानमधल्या अर्धवट आंबवलेल्या चहाच्या वासाचीही अत्तरे निघाली. एलेना यांनी चहाचा भास साधला तो आयोनोन आणि हेडिओन या रसायनांच्या मेळातून. गंमत अशी, की हे आयोनोन १८९३ साली जर्मनीत टीमान आणि क्रूगर यांनी सिट्रलपासूनच तयार केले होते. आपल्या मोरीवरचे गवत आणि ही महागडी बाटली असे दूरचे नातलग निघाले!

पण द्रव्य परसातून आले की कारखान्यातून, हे कातडी विचारत नाही. युरोपात २००३ साली झालेल्या नियमाने ॲलर्जी करू शकणाऱ्या २६ सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे सक्तीचे केले. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर सिट्रलचे नावही त्यात छापावे लागते.

म्हणून एवढे पाळा. शुद्ध सुगंधी तेल अंगाला चोळू नका, पोटात तर मुळीच घेऊ नका. अत्तर कपड्याला लावा. अंगालाच लावायचे असेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहा. घरात तान्हे मूल किंवा दमेकरी असेल, तर बंद खोलीत फवारे मारू नका. पुरळ उठलेच, तर जागा साबणाने धुवा, ते तेल बंद करा आणि डॉक्टरांना बाटलीसकट भेटा.

त्या ताई आता बऱ्या आहेत. जाताना मी त्यांना एवढेच म्हणालो, "ताई, गवती चहा पातेल्यातच बरा!"