आकाशातून दिसणारे शेत

उपग्रह शेकडो किलोमीटर उंचीवरून पिकांची चित्रे टिपतो. निरोगी पान आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पुष्कळ परावर्तित करते. रोगट पान कमी. असे दुरूनच भूमीचे ज्ञान मिळविण्याच्या शास्त्रास दूरसंवेदन म्हणतात. देहरादून येथील संस्थेत १९६६ साली विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या वाचनाने या शिक्षणाचा आरंभ झाला.

मग विद्यार्थ्यांनी उन्हातान्हात शेते कशाला तुडवावीत, असे कोणी विचारील. परंतु चित्रातला डाग रोगाचा की पाण्याच्या टंचाईचा, हे पुष्कळदा बांधावर गेल्यावाचून कळत नाही. निदान चुकले, तर औषधाचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो आणि पीक सुकतच राहते. म्हणून, मुलांनो, ज्याला आकाशातून पाहावयाचे आहे, त्याने प्रथम भूमीवर चालावयास शिकावे.