पूर शोधला, कापूर सापडला

आम्ही गंगापूर रोडवर राहतो. गोदावरीच्या पुराबद्दल अधूनमधून लिहिलेली माझी टिपणं मुलानं संगणकात घालून दिली. सोबत एक छोटं सॉफ्टवेअर, ज्याच्या पोटातच शोधयंत्र बसवलेलं. इंटरनेट लागत नाही, आपलं लिखाण घराबाहेर जात नाही. मला ही कल्पना फार आवडली. मग मी ‘पूर’ टाईप केलं. गंगापूर आलं, कापूर आला, भरपूरही आलं.. ‘पुराचं पाणी’ मात्र आलं नाही!

मराठीच्या मास्तराला कारण लगेच कळतं. प्रत्यय लागला की शब्दाचं सामान्यरूप होतं. पूर-पुरात, मूल-मुलाला, पाणी-पाण्यात. यंत्र नुसती अक्षरं जुळवतं, त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. इंग्रजी शब्दांची शेपटं छाटून मूळ शब्दापाशी जायची मार्टिन पोर्टर यांची रीत १९८० सालची आहे, आणि अशा तयार शोधयंत्रांत ती सहसा मिळते. मराठीला ती शेपटं छाटून भागत नाही. ‘पुरा’ उरला तरी त्याचा ‘पूर’ करावा लागतो.

बरं, एवढ्यावर संपत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि एक अदृश्य खूण. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘करणें’ आहे, डोक्यावर अनुस्वारासकट. १९६२ च्या नियमांनंतर शाळेत गेलेलं पोर ‘करणे’ टाईप करणार, आणि उत्तर काय? ‘सापडले नाही’. ते पोर काय समजेल? हा शब्द कोशात नाही! मग ते मुकाट्यानं इंग्रजीत शोधायला लागतं. मला खरी चिंता याची वाटते.

युनिकोड आलं म्हणजे मराठी आली, असं सॉफ्टवेअरवाल्या मंडळींना वाटतं. मला नाही वाटत. गूगलसारखं मोठं शोधयंत्र आपलं चुकलेलं पुष्कळदा सांभाळून घेतं. सॉफ्टवेअरच्या आत कोंडलेल्याला तसा आधार नाही, आत जे भरलं तेवढंच त्याचं ज्ञान. मग व्याकरणही आतच भरायला हवं ना? मजकुराची सूची बनवतानाच दोन्ही ‘ऱ्या’ एक करावेत, जुने अनुस्वार बाजूला ठेवून जुळवावं, आणि पुराला पुराच्या घरी न्यावं. एखादा प्रोग्रॅमर बसणार असेल तर विभक्तीचा तक्ता मी लिहून देतो, अपवादांसकट.