रस्ता जनतेच्या पैशाचा, निर्णय कंपनीचा!

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात शहरांसाठी एक लाख कोटी रुपयांचा 'अर्बन चॅलेंज फंड' जाहीर केला. शहरांचा पुनर्विकास करू, पाणी आणि स्वच्छतेची कामे करू, असे त्यात म्हटले आहे. मात्र त्याची अट नीट वाचली पाहिजे. प्रकल्पाच्या खर्चापैकी जास्तीत जास्त २५ टक्के रक्कम या निधीतून मिळेल आणि किमान ५० टक्के रक्कम रोखे, बँकेचे कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभी करावी लागेल. म्हणजे जो प्रकल्प पैसा परत करील, त्यालाच पैसा! बाजारपेठेतला वाहनतळ पैसा परत करतो. आमच्या वस्तीतले तुंबलेले गटार कोणत्या बँकेला व्याज देणार?

सार्वजनिक निधीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, तो सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले करण्याचाच होता. महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्याबरोबर राज्याच्या निधीतून राखलेले रस्तेही आले. रस्त्यावरून चालण्याचा हक्क असा मिळाला. त्या रस्त्यावर किती खर्च करायचा आणि कुठे, हे ठरवण्यातला वाटा ७४ व्या घटनादुरुस्तीने दिला. अनुच्छेद २४३ टी नुसार महापालिकांत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा मिळाल्या.

हा वाटा कसा काढून घेतला, ते स्मार्ट सिटी योजनेत दिसले. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत महाराष्ट्रातली आठ शहरे होती. निधी महापालिकेच्या तिजोरीत न जाता कंपनी कायद्याखाली स्थापन केलेल्या कंपनीकडे गेला. निम्मे भागभांडवल राज्याचे, निम्मे महापालिकेचे. काही ठिकाणी महापौर, गटनेते संचालक झाले हे खरे, पण संचालक मंडळाला २४३ टी लागू नाही. राखीव प्रभागातून निवडून आलेला नगरसेवक सभागृहात बसून राहिला आणि निविदा दुसऱ्याच इमारतीत निघाल्या.

पुण्यात क्षेत्रविकासासाठी औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग निवडला गेला. येरवडा नाही, ताडीवाला रोड नाही. नाशिकला अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम १.१ किलोमीटरचा 'स्मार्ट रोड' मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहिला. त्यात भर म्हणजे २०२२ साली मुदत संपलेल्या पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होत्या. जाब विचारायला सभागृहच नव्हते! योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली, कंपन्या मात्र उरल्या. त्यांना आता नवी कामे द्यावीत, असा केंद्राचा राज्यांना सल्ला आहे.

रस्ता सुंदर होऊ नये असे आम्ही म्हणत नाही. रुंद पदपथ पायी चालणाऱ्या गरिबालाच जास्त लागतो. पण सुशोभीकरण सुरू झाले की पहिली उचलली जाते ती हातगाडी. वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता कायद्यातील कलम ३(३) सांगते की, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कोणत्याही विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व हवे. गाडी उचलल्यावर वकिलाकडे धावण्यापेक्षा ही समिती आधी ताब्यात घेतलेली बरी.

नव्या निधीचा प्रस्ताव येईल तेव्हा आपल्या नगरसेवकांनी हात वर करण्यापूर्वी कर्जफेडीचा तक्ता मागावा, पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची यादी मागावी आणि प्रभागवार खर्चाचा आराखडाही. स्मार्ट सिटी कंपनीचे आजवरचे हिशेब सर्वसाधारण सभेपुढे मांडायला लावावेत. ते मांडले गेले नाहीत तर कोणाही नागरिकाने दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. कंपनी सरकारी मालकीची आहे, त्यामुळे हा कायदा तिलाही लागू आहे.