वजन कमी करण्याच्या ऑपरेशननं पीसीओएस खरंच जातो का? पाळीचं नेमकं काय होतं?

"ह्या म्हयन्यात पण कावळो शिवूक नाय?"

मालवणकडच्या घरात हा प्रश्न आई किंवा आजी हळू आवाजात विचारते. तीन-तीन महिने पाळी आली नाही की पुढचा सल्लाही ठरलेला असतो, "लगीन झाला की सगळा बरा होतला." त्याच वेळी त्या मुलीच्या फोनवर रील येत असतं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि खाली ओळ, 'ऑपरेशन केलं, पीसीओएस कायमचा गेला.'

लग्नाचा सल्ला तर चूकच आहे. पण रीलमधला दावाही अर्धाच खरा आहे.

बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया महाराष्ट्राला नवीन नाही. नितीन गडकरींनी २०११ मध्ये ती करून घेतली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला मुंबईत आणलं, तेव्हा तर रोज बातम्या होत्या. मात्र तेव्हाची सगळी चर्चा किलोंची होती. पाळीबद्दल कोणी बोलत नव्हतं.

पाळीबद्दलचा ठोस पुरावा २०२४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. लंडनमधल्या 'बॅम्बिनी' चाचणीत पीसीओएस असलेल्या, पाळी अनियमित किंवा बंद असलेल्या आणि बीएमआय ३५ किंवा जास्त असलेल्या ८० महिला होत्या. निम्म्या जणींची स्लीव्ह शस्त्रक्रिया केली, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी केली. बाकीच्यांना औषधं आणि आहार-व्यायामाचा सल्ला दिला. ५२ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासून बीजांड बाहेर पडलं का, हे पाहिलं. औषधांच्या गटात ते साधारण २ वेळा पडलं, शस्त्रक्रियेच्या गटात ६ वेळा.

फरक मोठा आहे. पण वर्षात १२-१३ पाळ्या अपेक्षित असतात, हेही लक्षात ठेवा. ६ म्हणजे सुधारणा, 'कायमचा गेला' नव्हे.

असं का होतं?

पीसीओएस असलेल्या अनेकींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. शिवाय ते हार्मोन रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवू लागतं. परिणामी हनुवटीवर केस, चेहऱ्यावर मुरुमं येतात आणि बीजांड अर्ध्यातच वाढायचं थांबतं. बीजांड सुटलं नाही की पाळी लांबते आणि कधीतरी एकदम जोरात येते.

ऑपरेशननंतर इन्सुलिन काही आठवड्यांतच उतरू लागतं, वजन फारसं घटण्याआधीच. म्हणून काही जणींची पाळी पहिल्या काही महिन्यांतच परत येते. चेहऱ्यावरचे केस मात्र इतक्या लवकर जात नाहीत. वजन परत वाढलं तर लक्षणंही परततात. आणि बारीक असूनही पीसीओएस असलेल्या मुलींसाठी हे ऑपरेशन नाहीच.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती रीलमध्ये नसलेली गोष्ट. 'मला दिवस जाणारच नाहीत' असं वर्षानुवर्षं ऐकलेल्या बाईला अचानक दिवस जाऊ शकतात. आणि नेमकं तेव्हा नको असतं, कारण झपाट्यानं वजन घटताना शरीरात पोषणाची ओढाताण चालू असते. १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळा, असं डॉक्टर सांगतात. बायपास प्रकारात गोळ्या नीट शोषल्या जातील याची खात्री नसते, म्हणून तांबीसारखा पर्याय सुचवतात. लग्न न झालेल्या मुलीशी हे बोलायला आपल्याकडे कोण बसतं, हा प्रश्न वेगळाच.

दुसरं लोहाचं. खाणं कमी, शोषण कमी आणि त्यात पाळी दर महिन्याला सुरू झाली की रक्त कमी पडतं. लोह, बी१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या पुढे चालूच ठेवाव्या लागतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास डोक्यावरचे केस गळतात, ते बहुतेक वेळा परत येतात. ताटही बदलतं. सकाळच्या पेजेनं इवलंसं पोट भरून गेलं तर प्रथिनाला जागा उरत नाही. आधी बांगडा, मग उरलं तर भात. मालवणी माणसाला हा क्रम उलटा करणं वाटतं तितकं सोपं नाही.

सिंधुदुर्गात खरा पेच ऑपरेशनच्या दिवसाचा नाही, नंतरच्या तपासण्यांचा आहे. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी मोठं दुखणं आलं की गाडी अजून बांबोळीला वळते. २०१८ मध्ये गोव्यानं बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटलं होतं ते याच अवलंबित्वामुळे. कोल्हापूर गाठायचं तर करूळचा घाट, आणि पावसात दरड आली की तोही बंद.

शेवटी पैसे. आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा, असं २०२२ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. १५५ सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी हे सुमारे ६६ किलो. आपल्या विमा नियामकाच्या अटींत मात्र ४० हवा, म्हणजे सुमारे ९६ किलो. ३५ ते ४० मध्ये बसायचं तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काहीतरी लागतं. त्या यादीत पीसीओएसचं नाव नाही. म्हणून भरती होण्याआधी विमा कंपनीकडून मंजुरी लेखी घ्या.