मेदाची गांठ आणि घरचा निकाल

गेल्या नरकचतुर्दशीची गोष्ट. पहांटे अभ्यंगासाठीं पाटावर बसलों असतां, तेल चोळतां चोळतां सौभाग्यवतींचा हात आमच्या उजव्या खांद्याच्या जरा खालीं थबकला. "अहो, ही गांठ केव्हांपासून?" त्यांनीं विचारलें. आपली पाठ आपणांस दिसत नाहीं. आम्हांस काय ठाऊक! लिंबाएवढी गांठ होती, मऊ होती, आणि दाबली तरी दुखत नव्हती.

फराळाचीं ताटें मांडलीं जाईपर्यंत घरांत प्रत्येकाचा निकाल तयार होता. सूनबाई कर्करोगाच्या शंकेनें कावऱ्याबावऱ्या झाल्या. आत्याबाईंनीं बिब्बा घालण्याचें सुचविलें. पुतण्या म्हणाला कीं, पेनिसिलिनच्या जातीचें कांहीं घेतलें तर बसून जाईल. पिंपरीच्या मुलाच्या तोंडीं हें शोभतेंच. येथें १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला व पुढच्याच वर्षीं पेनिसिलिन तयार होऊं लागलें. परंतु तें औषध मारतें जंतूंस, आणि मेदाच्या गांठींत जंतु नसतातच. बिब्ब्याबद्दल तर बोलावयासच नको. त्यानें कातडी भाजते, फोड येतात, व्रण होतो, आणि खालची गांठ होती तेथेंच राहते.

शल्यचिकित्सकांनीं गांठ बोटांखालीं इकडून तिकडे सरकवून पाहिली, वरची कातडी चिमटींत उचलली आणि ही मेदाची गांठ असल्याचें सांगितलें. चरबीच्या साध्याच पेशी एका पातळ आवरणांत वाढून ती होते. तीस इंग्रजींत लायपोमा म्हणतात. शंभरांत सुमारें एका माणसास ती असते. बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान दिसूं लागते. मान, खांदे, पाठ, दंड, मांड्या हीं तिचीं आवडतीं ठिकाणें. कांहीं कुळांत बापालेकांस अशा अनेक गांठी येतात. मेदाची गांठ कर्करोगांत पालटणें ही गोष्ट जवळजवळ घडतच नाहीं.

घरीं येऊन आम्ही सुश्रुत उघडला. निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार आहे. मेदोज ग्रंथि स्निग्ध, मोठी व अल्प पीडा देणारी असते, शरीराबरोबर ती वाढते व शरीराबरोबरच क्षीण होते, असें तेथें वर्णन आहे. पहिला भाग आमच्या गांठीस तंतोतंत लागू पडला. दुसऱ्याविषयीं मात्र आजच्या वैद्यकाचा अनुभव निराळा आहे. माणूस वाळला तरी ही गांठ वाळत नाहीं, म्हणून तिच्यासाठीं तूप सोडून उपास करण्यांत अर्थ नाहीं. ही गांठ फुटली असतां पेंडेसारखा किंवा तुपासारखा पदार्थ बाहेर येतो असेंही सुश्रुत म्हणतो. तें वाचून आम्हांस दुसऱ्याच एका गांठीची आठवण होते. ती कातडीस चिकटलेली असते, तिच्यावर बारीक काळें छिद्र दिसतें, आणि पिकली कीं दुर्गंधियुक्त गाळ येतो. दोहींचे उपचार एक नव्हेत. प्राचीनांविषयीं आमचा आदर यानें रतिमात्र कमी होत नाहीं. त्यांनीं बोटांनीं जें जाणलें तें थोडें नव्हे.

गांठ काढावी कीं नाहीं? दुखत नसेल, कपड्यास अडत नसेल, वाढत नसेल, तर राहूं द्यावी. काढावयाचीच झाली तर तेवढा भाग बधिर करून, लहानसा छेद घेऊन आवरणासह काढतात, आणि काढलेला तुकडा तपासणीस पाठवितात. बहुधा त्याच दिवशीं घरीं जातां येतें.

येथवर सारें ठीक होतें, आणि येथेंच आमची चूक झाली. "कांहीं नाहीं, चरबीची गांठ आहे," असें आम्हीं ओसरीवर मोठ्यानें सांगितलें. तें स्वयंपाकघरांत थोरल्या वहिनींनीं ऐकलें, आणि मनांतल्या मनांत स्वतःच्या गांठीचाही निकाल लावून टाकला. त्यांच्या डाव्या स्तनांत सुपारीएवढी गांठ वर्षभर होती. कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत हा शब्द लिहितांना लेखणी अडखळते. परंतु हाच संकोच वहिनींना वर्षभर गप्प ठेवीत होता, म्हणून लिहिला. संक्रांतीच्या सुमारास त्या आमच्या सौभाग्यवतींना म्हणाल्या, "भावजींची तशीच माझी. दुखत तर मुळींच नाहीं."

ती कठीण होती आणि सरकत नव्हती. क्ष-किरणांनीं व ध्वनिलहरींनीं तपासणी झाली, सुईनें तुकडा घेतला. ती मेदाची नव्हती.

दुखत नाहीं या एका गोष्टीवर विसंबणें किती फसवें आहे हें तेव्हां आम्हांस कळलें. स्तनांतील कोणतीही नवी गांठ डॉक्टरांनींच पाहावी. मानेंतील, काखेंतील वा जांघेंतील गांठ टिकून राहिली, तिच्याबरोबर संध्याकाळीं ज्वर येऊं लागला, वजन उतरूं लागलें, तर ती क्षयाची गंडमाळ असूं शकते. सरकारी दवाखान्यांत तिचें औषध फुकट मिळतें व बहुधा सहा महिन्यांत ती बरी होते. पाठीमांडीवरची गांठ पांच सेंटिमीटरांहून मोठी झाली, झपाट्यानें वाढूं लागली, टणक लागली, खोल रुतलेली वाटली किंवा एकदां काढून पुन्हां उठली, तर तिला मेदाची म्हणण्याचा अधिकार घरांतील कोणासच नाहीं. पिंपरीकरांस संत तुकारामनगरांत महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे. तेथें जाऊन दाखविण्यास एक सकाळ जाते, एवढेंच.

वहिनींवर माघांत शस्त्रक्रिया झाली. औषधें अजून चालू आहेत, गेलेले केस परत येऊं लागले आहेत. आमची गांठ आहे तेथेंच आहे. सौभाग्यवती दर तीन महिन्यांनीं तिला दोरा लावून मापतात आणि तो दोरा पंचांगांत ठेवतात. वहिनींच्या तपासणीची तारीख जवळ आली कीं आतां सूनबाईंना आठवण त्याच करून देतात, आणि दोन्ही सुनांना आपल्याबरोबर नेतात.